एक हात कमी पडतो तेव्हा: ब्रिजमधील फिनेस आणि स्क्वीझ

मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोन खेळलेल्या प्रत्येकाला पानांची उतरंड पाठ असते. एक्का राजाला मारतो, राजा राणीला आणि राणी गुलामाला. तरीही राजा विरोधकाच्या हातात असताना राणीने हात होतो, हे घरच्या बैठकीतही दिसते. ब्रिजमध्ये याच्याही पुढचा प्रकार घडतो. ज्या रंगाचे गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी विरोधकाला वाटून आलेले असतात, त्याच रंगाची पंजी शेवटी हात करून जाते. बघणाऱ्याला हे नशीब वाटते. यातला पहिला प्रकार म्हणजे फिनेस आणि दुसरा स्क्वीझ. दोन्हींची तयारी डावाच्या सुरुवातीला, पहिल्या पानाच्या वेळीच करावी लागते.

खेळाचा सांगाडा

ब्रिज चौघांचा खेळ आहे. समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात. लिहिण्याच्या सोयीसाठी चौघांना दिशांची नावे दिली जातात: उत्तर आणि दक्षिण ही एक जोडी, पूर्व आणि पश्चिम ही दुसरी. प्रत्येकाला तेरा पाने मिळतात. बोली संपली की एक जोडी ठराविक हात करण्याची जबाबदारी घेते. तेच काँट्रॅक्ट. बोलीतला आकडा सहाच्या पुढे मोजतात, म्हणून ‘तीन नो ट्रम्प’ म्हणजे हुकमाविना नऊ हात आणि ‘सहा नो ट्रम्प’ म्हणजे तेरापैकी बारा. ब्रिजची आज रूढ असलेली पद्धत अमेरिकेतील हेरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ नावाच्या बोटीवरील प्रवासात बसवली.

काँट्रॅक्ट घेणाऱ्या जोडीतला एकच जण प्रत्यक्ष खेळतो. तो डिक्लेरर. या लेखात डिक्लेरर नेहमी दक्षिण आहे. त्याच्या डावीकडचा पश्चिम पहिली उतारी करतो आणि मग उत्तर आपली सगळी पाने टेबलावर मांडून स्वस्थ बसतो. ही मांडलेली पाने म्हणजे डमी. त्यामुळे डिक्लेररला स्वतःची तेरा आणि डमीची तेरा अशी सव्वीस पाने दिसतात. उरलेली सव्वीस कोणती हेही त्याला नेमके कळते. कळत नाही ते एवढेच की त्यातली कोणती पूर्वेकडे आहेत आणि कोणती पश्चिमेकडे.

हा ‘एवढेच’ फार मोठा आहे. पण तो मोजता येतो, आणि डिक्लेररची सगळी योजना या मोजणीवर उभी असते.

आधी पक्के हात मोजायचे

डमी मांडली गेली की चांगला खेळाडू लगेच पान टाकत नाही. हुकूम नसलेल्या काँट्रॅक्टमध्ये तो पक्के हात मोजतो, म्हणजे विरोधकांना एकदाही संधी न देता घेता येतील असे हात. एक्का-राजा एका रंगात असतील तर दोन पक्के. एक्का-राजा-राणी असून त्या रंगाची दोन्हीकडे मिळून सात पाने असतील तर तीन पक्के आणि चौथ्याची आशा. एक्का-राणी असेल तर पक्का एकच, कारण राजा बाहेर आहे.

पक्के हात काँट्रॅक्टपेक्षा कमी पडणे हे ब्रिजमधले रोजचे दुखणे आहे. नऊ हवेत आणि आठ आहेत. बारा हवेत आणि अकरा आहेत. कमी पडणारा हात कुठून येईल, याची सगळी ठिकाणे एकदा डोळ्यांखालून घालायची, त्यातले कोणते फुकट तपासता येईल आणि कोणते चुकल्यास डाव बुडेल ते पाहायचे, आणि मग पहिले पान खेळायचे. कसलेले खेळाडू पहिल्या हाताला मिनिटभर थांबतात आणि पुढचे भराभर खेळतात. नवशिक्याचे उलटे असते. तो पहिले पान झटकन टाकतो आणि सातव्या हाताला डोके धरून बसतो.

फिनेस: राजा कुठे बसला आहे?

डमीत इस्पिकचे एक्का, राणी आणि चव्वी आहे. दक्षिणेकडे त्याच रंगाची तीन बारकी पाने. राजा बाहेर आहे. दक्षिणेने हातातून लहान इस्पिक खेळायचे. पश्चिमेला डमीच्या आधी पान टाकावे लागते. त्याच्याकडे राजा असेल तर त्याची अडचण होते: राजा टाकला तर डमीचा एक्का तो मारतो आणि राणी मोकळी होते, राजा दाबून ठेवला तर डमीतून राणी टाकली जाते आणि तिच्यावर टाकायला पूर्वेकडे राजा नाही. राणीने हात होतो. राजा पूर्वेकडे असेल, तर राणी मार खाते. राजा इकडे किंवा तिकडे, म्हणजे फिनेस साधण्याची शक्यता ५० टक्के.

यात महत्त्वाचे म्हणजे पान *कोणत्या दिशेने* जाते. जोडपान, म्हणजे एक्का-राणीसारखी मध्ये फट असलेली जोडी, ज्या हातात आहे त्या हाताकडे समोरून खेळायचे. राजा ज्याच्याकडे असावा असे आपल्याला वाटते, त्याला आपल्या राणीच्या आधी पान टाकावे लागले पाहिजे. एवढे समजले की फिनेसचे नव्वद टक्के समजले.

उरलेले दहा टक्के न समजल्यामुळे होणारी एक चूक क्लबातही दिसते. डमीत एक्का आणि दोन लहान पाने, हातात राणी आणि दोन लहान पाने, गुलाम बाहेर. नवशिक्या हातातून राणी पुढे करतो आणि याला फिनेस म्हणतो. राजा पश्चिमेकडे असेल तर तो राणीवर राजा टाकतो. एक्क्याने हात होतो खरा, पण आपली दोन मोठी पाने एकाच हातात खर्ची पडतात आणि गुलाम विरोधकांचा होतो. राजा पूर्वेकडे असेल तर राणी सरळ मरते. कुठल्याच मांडणीत फायदा नाही. बरोबर मार्ग उलट आहे: डमीतून लहान पान राणीकडे खेळायचे. राजा पूर्वेकडे असेल तर राणीने केव्हातरी हात होतो. राणी पुढे करायची ती गुलाम आणि दश्शी पाठीशी असतील तेव्हा.

फिनेसचे बरेच भाऊबंद आहेत. डमीत एक्का-गुलाम-दश्शी आणि हातात तीन लहान पाने असतील तर दोनदा फिनेस घेता येतो. पहिल्यांदा दश्शी टाकायची. ती राजाला किंवा राणीला पडली तरी पुन्हा हातात येऊन तोच प्रयोग करायचा. राजा आणि राणी दोन्ही पूर्वेकडे असतील तेव्हाच हा बेत पूर्ण फसतो. एक पान पूर्वेकडे असण्याची शक्यता निम्मी. ते तिथे बसले की पूर्वेच्या तेरापैकी एक जागा भरली, म्हणून दुसरेही तिथेच असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमी. दोन्हींचा गुणाकार सुमारे २४ टक्के. म्हणजे साधण्याची शक्यता ७६ टक्के. मात्र दोनदा फिनेस घ्यायचा तर दोनदा दक्षिणेच्या हातात यावे लागते. त्यासाठी दक्षिणेकडे हात करणारी पाने, म्हणजे ‘एन्ट्री’, शिल्लक हवीत. एन्ट्री आधीच उधळून बसलेला डिक्लेरर डमीतल्या सुंदर पानांकडे नुसता बघत राहतो.

दोन्हीकडून घेता येणारा फिनेसही असतो. डमीत राजा-गुलाम आणि एक लहान, हातात एक्का-दश्शी आणि एक लहान, राणी बाहेर. राणी पश्चिमेकडे मानली तर डमीकडे खेळायचे, पूर्वेकडे मानली तर हाताकडे. इथे नाणे उडवणे हा आळस आहे. असा रंग शेवटपर्यंत हात न लावता ठेवायचा आणि आधी बाकीचे रंग खेळून विरोधकांची पाने मोजायची. एकाकडे बाकीच्या तीन रंगांची मिळून अकरा पाने होती असे कळले, तर या रंगाची त्याच्याकडे दोनच आणि दुसऱ्याकडे पाच. राणी कुठे असण्याचा संभव जास्त, हे मग सांगावे लागत नाही.

चौकट: बाहेरची पाने कशी वाटली जातात

विरोधकांकडे एखाद्या रंगाची जेवढी पाने आहेत त्यांची त्या दोघांत वाटणी होण्याची शक्यता, टक्क्यांत:

४ पाने: ३-१ अशी वाटणी ४९.७, २-२ अशी ४०.७, ४-० अशी ९.६
५ पाने: ३-२ अशी ६७.८, ४-१ अशी २८.३, ५-० अशी ३.९
६ पाने: ४-२ अशी ४८.४, ३-३ अशी ३५.५, ५-१ अशी १४.५; ६-० अशी १.५

विषम संख्या शक्य तितकी समान वाटली जाते. सम संख्या बहुधा तशी वाटली जात नाही. एवढे लक्षात राहिले तरी टेबलावर भागते.

हरायचे तर कुणाकडे हरायचे

फिनेस हरला की हात विरोधकाकडे जातो. तो *कोणत्या* विरोधकाकडे जातो यावर कधीकधी सगळा डाव ठरतो. तीन नो ट्रम्पमध्ये पश्चिमेने आपल्या पाच बदामांतून उतारी केली. पूर्वेकडे तीन बदाम आहेत, डमीत दोन आणि दक्षिणेकडे एक्का धरून तीन. दक्षिण पहिले दोन हात सोडून देतो आणि तिसऱ्यालाच एक्का घेतो. आता पूर्वेकडे एकही बदाम उरला नाही. पश्चिमेचे दोन बदाम पिकून तयार आहेत, पण तिथे पोचायला पश्चिमेला स्वतःचा हात व्हावा लागेल.

अशा वेळी किलवरमध्ये डमीत एक्का-गुलाम-दश्शी-नव्वी-पंजी आणि हातात राजा-अठ्ठी-चव्वी असेल, तर राणीसाठी फिनेस दोन्हीकडून घेता येतो. पण इथे विचार करण्यासारखे काही नाही. हातातून डमीकडे खेळून गुलाम टाकायचा. चुकला तर राणी पूर्वेकडे, आणि पूर्वेकडे परतवायला बदाम नाही. उलट दिशेचा फिनेस चुकला असता तर पश्चिमेने दोन बदाम मोजून घेतले असते. फिनेस हरला तरी चालेल, पण धोक्याच्या विरोधकाला हात मिळता कामा नये, ही नियोजनातली सर्वांत दुर्लक्षित बाब आहे.

एकाच टोपलीतली अंडी नकोत

एक हात कमी आहे आणि तो दोन ठिकाणांहून येऊ शकतो असे समजा. चौकटमध्ये एक्का-राजा-राणी धरून सात पाने आहेत. बाहेरची सहा ३-३ वाटली गेली असतील तर चौथे पान पिकते, शक्यता ३५.५ टक्के. इस्पिकमध्ये साधा फिनेस आहे, शक्यता ५० टक्के. घाईचा खेळाडू मोठा आकडा पाहून लगेच फिनेस घेतो. तो हरला आणि विरोधकांनी पुढचे हात काढून घेतले की चौकट तपासायची वेळच येत नाही.

योग्य क्रम असा: चौकटचे तीन पक्के हात तर घ्यायचेच आहेत, ते आधी घ्यायचे. सहाही पाने पडली तर फिनेसची गरजच नाही. नाही पडली तर फिनेस आहेच. चौकट फसण्याची शक्यता ६४.५ टक्के, त्यातल्या निम्म्या वेळा फिनेसही फसेल, म्हणजे डाव बुडण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आणि तरण्याची ६८. केवळ क्रम बदलून ५० चे ६८ झाले. जे तपासायला हात गमवावा लागत नाही ते आधी, ज्याला लागतो ते शेवटी. याला अपवाद असतात: चौकटचे पक्के हात आधीच काढल्याने विरोधकांचा चौथा चौकट पिकतो आणि फिनेस हरल्यावर तो डोक्यात बसतो. म्हणून हरल्यावर काय होईल तेही मोजायचे.

स्क्वीझ: राखणदार एक, शेते दोन

फिनेस विरोधकाचे पान *कुठे* आहे यावर चालतो. स्क्वीझ चालतो तो विरोधकाकडे जागा *किती* आहे यावर. हा शब्द ब्रिजमध्ये बेसबॉलच्या ‘स्क्वीझ प्ले’वरून आला आणि त्याचे श्रेय अमेरिकन खेळाडू सिडनी लेन्झ यांना दिले जाते.

प्रत्येक हाताला प्रत्येकाचे एक पान जाते, त्यातून सुटका नाही. डिक्लेरर एका लांब रंगाची पक्की पाने एकामागून एक खेळू लागला की ज्यांच्याकडे तो रंग संपला आहे त्यांना दुसऱ्या रंगांतले काहीतरी टाकावे लागते. सुरुवातीला फालतू पाने जातात. नंतर कामाची वेळ येते. दोन शेतांवर एकच राखणदार असावा आणि दोन्हीकडे एकाच वेळी पाखरे उतरावीत, तशी एका विरोधकाची गत होते: दोन रंगांची राखण त्याच्याकडे असते, ठेवायला मात्र एकच जागा उरते. कुठलेही पान टाकले तरी एक शेत उघडे पडते. डिक्लेरर काहीही जिंकत नाही. विरोधक स्वतःच्या हाताने देतो.

ज्या पानांमुळे विरोधकाला राखण करावी लागते त्यांना ‘धाकाची पाने’ म्हणू. धाकाचे पान मोठे असण्याची गरज नाही. विरोधकाने त्याच्यावरचे पान टाकून दिले की ते हात करील, एवढेच पुरे.

गणिताचे अमेरिकन प्राध्यापक क्लाइड लव्ह यांनी १९५९ साली फक्त स्क्वीझवर एक आख्खे पुस्तक लिहिले. साध्या स्क्वीझला लागणाऱ्या गोष्टी त्यांनी चार अटींत बसवल्या आणि त्या आजही तशाच शिकवल्या जातात. दोन धाकाच्या रंगांची राखण एकाच विरोधकाकडे हवी. उरलेल्या हातांपैकी एक सोडून सगळे डिक्लेररचे पक्के हवेत. धाकाचे निदान एक पान त्या विरोधकाच्या *नंतर* पान टाकणाऱ्या हातात हवे. आणि धाकाच्या पानापर्यंत पोचायला एन्ट्री हवी.

यातली दुसरी अट नवख्याला सर्वांत विचित्र वाटते. बारा हात हवेत, अकरा पक्के आहेत, म्हणजे तेरापैकी दोन हरणार. मग त्यातला एक *लवकर हरून टाकायचा*. कारण विरोधकाकडे एक जादा पान असेल तर ते टाकून तो निभावून नेतो. हात हरला की सगळ्यांची पाने एकाने कमी होतात आणि ती मोकळी जागा संपते. याला ‘काउंट दुरुस्त करणे’ म्हणतात. जिंकण्यासाठी हात हरायचा, ही कल्पना पचायला वेळ लागतो, पण बहुतेक स्क्वीझ इथेच लागतात किंवा सुटतात.

एक पूर्ण डाव

पूर्वेने वाटप करून ‘दोन इस्पिक’ अशी बोली दिली. आजच्या प्रचलित अर्थाने ही दुबळी बोली: हातात फारसे काही नाही, पण इस्पिकची सहा पाने आहेत. तरीही दक्षिण-उत्तर सहा नो ट्रम्पपर्यंत पोचले.

उत्तर (डमी)
इस्पिक: एक्का, राणी, ५
बदाम: ७, २
चौकट: राणी, ६, ३
किलवर: एक्का, राजा, गुलाम, ९, ४

दक्षिण (डिक्लेरर)
इस्पिक: ४, २
बदाम: एक्का, राजा, ८, ३
चौकट: एक्का, राजा, ७, ४
किलवर: राणी, १०, २

पश्चिमेची उतारी भिडूच्या रंगाची: इस्पिक सत्ती.

मोजणी करू. इस्पिक एक, बदाम दोन, चौकट तीन, किलवर पाच. एकूण अकरा. बारावा इस्पिकच्या राणीने होईल, जर राजा पश्चिमेकडे असेल. पण बोलीने घात केला आहे: सहा इस्पिक सांगणाऱ्या पूर्वेकडेच राजा असणार हे जवळजवळ नक्की. चौकट ३-३ असेल तर तिथून बारावा हात येईल. तिसरा मार्ग असा: इस्पिकची राखण पूर्वेकडे आहेच, चौकटची चार पानेही पूर्वेकडेच असतील, तर त्याच्यावर स्क्वीझ लागेल.

आता पहिल्या हाताला डमीतून काय टाकायचे? फिनेस हरणार हे ठाऊक असताना राणी कशाला घालवायची, असे वाटून बरेच जण एक्का घेतील. पण काउंट दुरुस्त करायला एक हात कुठेतरी द्यायचाच आहे. तो राणीवर देण्यात नुकसान नाही, आणि राजा चुकून पश्चिमेकडे निघाला तर डाव तिथेच संपतो. म्हणून राणी. हरणार हे माहीत असलेला फिनेसही इथे उपयोगी पडतो, आणि या डावातले सर्वांत देखणे पान हेच आहे.

पूर्व राजाने हात घेतो आणि बदामचा गुलाम परत खेळतो. पूर्वेची मूळ पाने अशी होती: इस्पिक राजा, गुलाम, १०, ९, ८, ३, बदाम गुलाम, ४, चौकट गुलाम, १०, ९, ८, किलवर ६. दक्षिण बदामच्या एक्क्याने हात घेतो आणि इस्पिकची चव्वी डमीच्या एक्क्याकडे नेतो. पश्चिमेची छक्की पडते. पूर्वेच्या बोलीवर विश्वास ठेवला तर पश्चिमेचे इस्पिक इथेच संपले. डमीत इस्पिकची एकटी पंजी उरली आणि तिच्यावर पहारा फक्त पूर्वेचा. मग डमीतून बदाम खेळून राजाने हात, आणि नंतर किलवर.

किलवरची राणी, सगळे रंग देतात. मग दश्शीवर डमीचा गुलाम, पुढे एक्का आणि राजा. या तीन हातांना पूर्वेकडे किलवर नाही. तो इस्पिकची तीन पाने टाकतो. पाचवा किलवर, म्हणजे नव्वी, खेळण्याआधीचे चित्र असे आहे:

डमी: इस्पिक ५, चौकट राणी, ६, ३, किलवर ९
दक्षिण: बदाम ३, चौकट एक्का, राजा, ७, ४
पूर्व: इस्पिक गुलाम, चौकट गुलाम, १०, ९, ८

डमीतून किलवरची नव्वी. पूर्वेला यावर काहीतरी टाकायचे आहे. इस्पिकचा गुलाम टाकला तर डमीची पंजी मोठी झाली. चौकट टाकला तर चौकटची राणी, एक्का, राजा घेतल्यावर दक्षिणेची सत्ती पिकली. दक्षिण बिनकामाची बदामची तिर्री टाकतो. बारा हात. दक्षिणेला फक्त एकाच पानावर नजर ठेवायची होती: इस्पिकचे शेवटचे पान पडले का? पडले असेल तर पंजी खेळायची, नाहीतर चौकट. चौकट ३-३ असते तरी हाच खेळ जिंकला असता. पश्चिमेकडे चार चौकट असते, तर मात्र हा स्क्वीझ लागला नसता.

पहिल्या हाताला एक्का घेऊन कुठेच हात न हरता हेच खेळले असते, तर पाचव्या किलवरच्या वेळी पूर्वेकडे सहा पाने असती. त्यातले एक टाकूनही राजा आणि चार चौकट सांभाळता आले असते. तिथूनही एखादा तरबेज डिक्लेरर लहान इस्पिक देऊन पूर्वेला एकट्या राजाने हात घ्यायला लावू शकेल, पण त्यासाठी पूर्वेने नेमके काय राखले आहे हे ओळखावे लागते. वरच्या मार्गात ओळखण्यासारखे काही नाही.

कोण आधी पान टाकतो

तिसऱ्या अटीचा अर्थ तीन-तीन पानांच्या शेवटात लख्ख दिसतो. डमीत इस्पिक एक्का-गुलाम आणि बदाम राजा. दक्षिणेकडे इस्पिक छक्की, बदाम तिर्री आणि किलवर एक्का. इस्पिकचे राजा-राणी आणि बदामचा एक्का एकाच विरोधकाकडे.

तो विरोधक पश्चिम असेल तर किलवरच्या एक्क्यावर त्याला डमीच्या आधी पान टाकावे लागते. त्याने बदामचा एक्का टाकला तर डमीतून इस्पिकचा गुलाम टाकायचा, बदामचा राजा पक्का. त्याने इस्पिक टाकले तर डमीतून बदामचा राजा फेकायचा, गुलाम पक्का. हीच पाने पूर्वेकडे असती तर डमीलाच आधी पान टाकावे लागले असते आणि पूर्वेने पाहून उत्तर दिले असते. म्हणून याला जागेवर अवलंबून असलेला स्क्वीझ म्हणतात. मागच्या डावात दक्षिणेकडे फेकायला निरुपयोगी बदाम होता, त्यामुळे तिथे कोण आधी टाकतो याने फरक पडत नव्हता. तसा स्क्वीझ दोन्ही विरोधकांवर चालतो.

काही वेळा आपलेच मोठे पान आपल्या धाकाच्या पानाच्या आड येते. तेव्हा ते आधीच खेळून मोकळे व्हायचे, भले त्यामुळे विरोधकाचे पान तात्पुरते त्या रंगात सर्वांत मोठे होवो. व्हिस्टच्या जमान्यापासून चालत आलेल्या या युक्तीला ‘व्हिएन्ना कू’ म्हणतात. एक्का आधीच खेळून विरोधकाचा राजा मोठा करून देणे पहिल्यांदा पाहणाऱ्याला चुकीचे वाटते.

समोरच्यांच्या बाजूने

विरोधक काही मुकाट्याने पाने टाकत बसत नाहीत. डिक्लेरर मुद्दाम हात देतो आहे असे वाटले, तर तो घेण्याचेच नाकारता येते. काउंट दुरुस्त होत नाही आणि स्क्वीझ विरतो. धाकाच्या रंगातली एन्ट्री वेळेआधी खेळायला लावूनही साखळी तोडता येते. पाने टाकताना दोघांनी राखण वाटून घ्यायची असते: डमीत दिसणारा लांब रंग ज्याच्या हातून डमीनंतर पान पडते त्याने राखायचा, दक्षिणेचा रंग दुसऱ्याने. आणि राजा एकटा पडणार हे दिसत असेल, तर तो आधीच, चेहरा न बदलता एकटा पाडायचा. शेवटच्या पानाला पंधरा सेकंद विचार करून टाकलेले इस्पिक डिक्लेररला सगळे सांगून जाते.

डुप्लिकेट स्पर्धेत तीच वाटलेली पाने वेगवेगळ्या टेबलांवर खेळली जातात आणि गुण तुलनेने मिळतात, त्यामुळे चांगली पाने आली म्हणून कुणी जिंकत नाही. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा पदकाचा खेळ झाला आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार या भारतीय जोडीने पुरुष दुहेरीत सुवर्णपदक मिळवले. अशा स्पर्धांत वरखाली होते ते बहुधा एकेका जादा हातावर. म्हणून स्क्वीझच्या चारही अटी पुऱ्या होत नसल्या, तरी अनुभवी डिक्लेरर लांब रंगाची पाने शेवटपर्यंत खेळून पाहतो. त्याच्या हातात काय उरले आहे हे विरोधकांना दिसत नसते. पूर्व इस्पिक धरून बसतो, पश्चिम बदाम धरून बसतो, आणि ज्या चौकटची खरी राखण करायची होती तो दोघेही टाकून देतात. याला खोटा स्क्वीझ म्हणतात, आणि क्लबातल्या टेबलांवर खऱ्यापेक्षा त्याचीच कमाई जास्त असते.